ट्रकचा बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल) खरंच गेलाय का, आणि बदलायचा तर कसा?

मालवाहू

नमस्कार मंडळी. २४ व्होल्टचा ट्रक आहे, उचलता येणारी केबिन, मागे बंद बॉडी. गेले काही आठवडे इलेक्ट्रिकच्या तक्रारी एकामागून एक निघतायत आणि एकीचा दुसरीशी संबंध लागत नाहीये.

वायपर बंद असताना मध्येच एक फेरी मारून जातो, जास्त करून हेडलाइट लावल्यावर. डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतो. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटऱ्या उतरतात, सेल्फ कण्हत फिरतो. स्कॅनर लावला की कधी यू०१४० मिळतो, म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटल्याचा कोड. कधी काहीच मिळत नाही.

गॅरेजमध्ये तो कोड बघून "बीसीएम गेला, नवा टाका" एवढंच सांगितलं. मला ते पटत नाहीये, पण नाही म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नाही. मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प आणि या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा जवळ आहे. सुरुवात कुठून करू?

---

तारतम्य

सुरुवात बीसीएमपासून करू नका, इतकंच आधी सांगतो.

बीसीएम म्हणजे केबिनमधल्या आणि बॉडीवरच्या सगळ्या कामांचा मुनीम. इंडिकेटर, वायपर, हेडलाइट, हॉर्न, दरवाज्यांचं लॉक, आतला दिवा, काही गाड्यांत इमोबिलायझरसुद्धा (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा). त्याच्याकडे स्विचमधून मागणी येते, तो ती तपासतो आणि आपल्या आउटपुटवरून दिव्याला किंवा मोटरला पुरवठा देतो. काहीही बिघडलं तरी बोट त्याच्याकडेच जातं. खरं तर बहुतेक वेळा त्याला पुरवठा नीट मिळत नसतो, नाहीतर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारा रस्ता) कच्ची असते, नाहीतर स्विचकडून चुकीची खबर येत असते.

यू०१४० कोडचं तर नीट समजून घ्या. हा कोड बीसीएम स्वतः देत नाही, बाकीची मॉड्यूल्स, म्हणजे गाडीतले इतर छोटे कॉम्प्युटर, देतात. "आम्हाला त्याचं ऐकू येत नाहीये" असं ती सांगतायत. न बोलणारा मेलाय, त्याचा पुरवठा क्षणभर तुटला होता, की मधली तार तुटलीये, हे त्या कोडवरून कळत नाही.

आता काम. गाडी बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. एक १२.६ आणि दुसरी ११.९ असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच बघा. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा रेडिओ किंवा चार्जर घेतला असेल तर असा फरक पडतो. इंजिन चालू केल्यावर एकूण २८ च्या आसपास दिसायला हवं.

मग बीसीएमचे फ्यूज. त्याला एकच पुरवठा नसतो, चार-पाच वेगवेगळे फ्यूज असतात आणि एकेक फ्यूज एकेका गटाला. बंद पडलेल्या गोष्टी एकाच फ्यूजवरच्या निघाल्या तर उत्तर तिथेच आहे. फ्यूज काढून डोळ्यांनी बघण्यापेक्षा त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा. आणि प्रत्येक फ्यूजचा आकडा नकाशाशी ताडून बघा, हे विसरू नका.

सगळ्यात महत्त्वाची अर्थ. बहुतेक जण मीटर ओहमवर ठेवतात, अर्थ ०.२ ओहम दाखवते आणि "अर्थ पक्की आहे" म्हणून पुढे जातात. ती चाचणी उपयोगाची नाही. तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी मीटर शून्याजवळच दाखवतं, कारण मीटरचा करंट नगण्य असतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल पिन बीसीएमच्या कनेक्टरमधल्या अर्थच्या पिनवर, कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून टोचा. मग हेडलाइट, वायपर, केबिनचा पंखा, सगळं चालू करा. ०.१ व्होल्टपर्यंत चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तो रस्ता खराब आहे.

तुमचा वायपर हेडलाइट लावल्यावर फिरतो म्हणता, म्हणून माझा पहिला संशय अर्थवरच आहे.

---

लाल_पाना

विंडशिल्डच्या कडेने पाणी झिरपतंय का ते पण बघा. डॅशबोर्डखाली बीसीएम असेल तर थेंब वायरवरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये जातो. पिना हिरवट दिसल्या की समजा. वरून पुसून उपयोग नाही, तांब्याच्या धाग्यांमधून तो गंज वायरच्या कव्हरच्या आत वर चढतो.

आणि केबिन उचलता तिथे हार्नेस (वायरचा जुडगा) वळतो, तोही हाताने चाचपून बघा.

---

मालवाहू

तारतम्य, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आज बसून मोजलं.

बॅटऱ्या १२.५ आणि १२.६. इंजिन चालू असताना २८.१. कनेक्टर कोरडा, पिना स्वच्छ. केबिनच्या बिजागरीजवळचा हार्नेस ठीक वाटतो.

अर्थचं मात्र तुम्ही म्हणालात तसंच. सगळं बंद असताना ०.०२ व्होल्ट, हेडलाइट लावले की ०.४, वायपर आणि पंखा चालू केल्यावर ०.९. बीसीएमची अर्थ केबिनच्या चौकटीवर एका बोल्टला आहे आणि त्याच बोल्टवर हेडलाइटची जाड अर्थही आहे. बोल्ट काढला तर खाली रंगाचा थर, त्याच्याखाली गंज. घासून पत्रा चकचकीत केला, नवं वॉशर टाकलं, आवळून वरून ग्रीस लावलं. आता सगळा लोड टाकून ०.०६ येतंय.

वायपरचं आपोआप फिरणं थांबलं. कोड पुसून गाडी फिरवली, यू०१४० परत आलेला नाही.

पण डावा इंडिकेटर अजून तसाच आणि बॅटरीही तशीच उतरते. अर्थ आणि वायपर यांचा संबंध कोणी समजावून सांगेल का?

---

तारतम्य

वायपरच्या स्विचकडून बऱ्याच गाड्यांत एकच वायर येते. स्विचच्या आत वेगवेगळे रेझिस्टर असतात आणि कोणत्या जागेवर किती व्होल्ट येतात यावरून बीसीएम ओळखतो की "बंद", "थांबून-थांबून" की "जोरात". हे व्होल्टेज तो स्वतःच्या अर्थपासून मोजतो. हेडलाइटचा सगळा करंट त्याच गंजलेल्या बोल्टमधून जायला लागला की त्याची अर्थ ०.४ व्होल्टने वर उचलली जाते, आणि "बंद"चा आकडा "एक फेरी"च्या हद्दीत सरकतो. तो बिचारा मिळालेल्या आकड्याप्रमाणे काम करत होता.

संपर्क तुटण्याचं कारणही बहुधा तेच. अर्थ अशी हलायला लागली की कॅन बसवरचे (मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतात ती वायरची जोडी) त्याचे संदेश बाकीच्यांना नीट वाचता येत नाहीत.

---

ओहमचा_नियम

कॅनचा विषय निघालाच आहे तर तोही एकदा तपासून मोकळे व्हा.

बॅटरी काढा, थोडं थांबा, डायग्नोस्टिक सॉकेटवर (स्कॅनर लावतो ते) कॅन हाय आणि कॅन लो या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. १६ पिनी सॉकेटवर पिन ६ आणि १४. गोल ९ पिनी सॉकेट असेल तर पिन सी आणि डी. (काळं गोल सॉकेट २५० किलोबिटचं, हिरवं ५०० किलोबिटचं.) बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. ४० आले तर कोणीतरी ट्रॅकर किंवा तत्सम यंत्र जोडताना तिसरा रेझिस्टर घुसवलाय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायर कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात.

बॅटरी जोडून इग्निशन चालू केल्यावर दोन्ही वायर अर्थच्या तुलनेत २.५ व्होल्टच्या आसपास, हाय थोडी वर आणि लो थोडी खाली. साधं मीटर सरासरी दाखवतं. प्रत्यक्षात संदेश जाताना हाय ३.५ पर्यंत चढते आणि लो १.५ पर्यंत उतरते.

६० ओहमचा नियम हाय-स्पीड कॅनचा. काही गाड्यांत बॉडीसाठी वेगळी लो-स्पीड कॅन असते, तिथे प्रत्येक मॉड्यूलमध्ये रेझिस्टर असतो आणि हा आकडा लागू होत नाही. दरवाज्यांच्या स्विचपर्यंत जाणारी एकेरी वायर बहुधा लिन (कॅनपेक्षा साधी, एका वायरीची संदेशवहन पद्धत) असते, तिचंही गणित निराळं. नकाशात आधी बघा कोणती आहे.

कॅनच्या वायरला टेस्ट लॅम्प कधीही लावू नका. फक्त मीटर, नाहीतर स्कोप.

---

रात्रपाळी

एवढा खटाटोप कशाला? सारख्याच मॉडेलचा दुसरा ट्रक ओळखीत असेल तर त्याचा बीसीएम काढून लावून बघा. तक्रार गेली तर बीसीएम खराब, नाही गेली तर वायरिंग.

---

तारतम्य

रात्रपाळी, तुमचा सल्ला जुन्या रिलेच्या जमान्यात बरोबर होता. फ्लॅशर बदलून बघायचो तसा. आता असं करू नये असं मी ठामपणे म्हणेन.

बीसीएममध्ये त्या विशिष्ट गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक), तिची रचना, कुठे कुठे चाव्यांची आणि इमोबिलायझरची माहिती असते. दुसऱ्या गाडीत लावल्यावर काही मॉडेलमध्ये इंजिन सुरूच होत नाही. काहींत तो नव्या गाडीची माहिती स्वतःत लिहून घेतो आणि परत आपल्या गाडीत गेल्यावर तिथेही अडतो. एका अडलेल्या ट्रकचे दोन होतात.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. बीसीएमचं आउटपुट बाहेरच्या शॉर्टमुळे जळालं असेल तर तो शॉर्ट अजून तिथेच आहे. चांगला बीसीएम लावलात की तोही त्याच रस्त्याने जाणार.

---

रात्रपाळी

दुसरा मुद्दा मान्य. पहिला सगळ्या गाड्यांना लागू नाही. ज्यांत इमोबिलायझर बीसीएममध्ये नाही आणि कॉन्फिगरेशन एकच आहे अशा ताफ्यातल्या गाड्यांत आम्ही अदलाबदल करतो आणि अडचण येत नाही. पण आधी माहिती काढूनच, हे बरोबर.

---

ओहमचा_नियम

मालवाहू, डाव्या इंडिकेटरला कुठे एलईडी बल्ब बसवलाय का?

---

मालवाहू

हो, मागच्या डाव्या दिव्यात. गाडी माझ्याकडे आली तेव्हापासूनच आहे.

---

ओहमचा_नियम

मग त्याचा बीसीएमच्या तब्येतीशी संबंध नाही. २१ वॉटचा साधा बल्ब २४ व्होल्टवर सुमारे ०.९ अँपिअर घेतो. एलईडी त्याच्या कितीतरी पट कमी. बीसीएम प्रत्येक आउटपुटवरचा करंट मोजत असतो, कमी दिसला की "बल्ब गेला" समजून ड्रायव्हरला कळावं म्हणून वेग वाढवतो. नेमून दिलेल्या वॅटचा बल्ब लावा, किंवा कॉन्फिगरेशनमध्ये एलईडीचा पर्याय असेल तर तो निवडा. समांतर रेझिस्टर लावून फसवू नका. तो बल्बाइतकीच उष्णता बाहेर टाकतो आणि प्लास्टिकच्या दिव्याला चिकटवला तर दिवा वितळतो.

राहिली बॅटरी. गाडी झोपल्यावर, म्हणजे बंद करून सगळी मॉड्यूल्स शांत झाल्यावर, करंट किती जातोय ते मोजलंत का?

---

मालवाहू

मोजलं. दरवाजा उघडा ठेवून त्याची खिट्टी स्क्रूड्रायव्हरने बंद केली, म्हणजे गाडीला दरवाजा लागलाय असं वाटेल. चावी लांब ठेवली. तासभर थांबलो. २.१ अँपिअरवर स्थिरावला, खाली येतच नाही.

फ्यूज एकेक काढून बघू का?

---

तारतम्य

काढू नका. फ्यूज काढून परत घातला की झोपलेली मॉड्यूल्स जागी होतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांमध्ये मोजा. करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर काही मिलिव्होल्ट. फ्यूजच्या प्रकारानुसार मिलिव्होल्टचे अँपिअर करून देणारे तक्ते मिळतात, पण आत्ता "शून्य की शून्य नाही" एवढं पुरेसं आहे.

२.१ अँपिअर म्हणजे दोन दिवसांत १०० अँपिअर-तास. तुमच्या बॅटऱ्या का उतरतात याचं उत्तर मिळालं. आता तो जातो कुठे ते शोधायचं.

---

मालवाहू

सापडला. बीसीएमच्या एका पुरवठ्याच्या फ्यूजवरच मिलिव्होल्ट आहेत. नकाशाप्रमाणे त्या फ्यूजवरून बीसीएममार्गे आरशांचं हीटिंग, आतला दिवा आणि पायरीचा दिवा चालतात. दोन्ही दिवे बंद आहेत, डोळ्यांनी बघितलं.

आणखी एक. नकाशात त्या जागी १० अँपिअरचा फ्यूज आहे. प्रत्यक्षात २० चा बसवलेला होता. आता १० चा लावलाय.

---

लाल_पाना

सकाळी आरशांवर दव बसतं का?

---

मालवाहू

लाल_पाना, तुमचा प्रश्न वाचून लगेच गाडीकडे गेलो. काच दवाने पांढरी आणि दोन्ही आरसे कोरडे ठणठणीत. हात लावला तर कोमट. हीटिंगचं बटण बंद आहे, बटणावरचा दिवाही बंद. हे माझ्या कधी लक्षातच आलं नसतं.

---

तारतम्य

लाल_पाना, शाब्बास!

आता खऱ्या अर्थाने बीसीएमवर संशय घ्यायची वेळ आली. पण संशय आणि पुरावा यांत अजून तीन पायऱ्या आहेत.

स्कॅनरच्या लाइव्ह डेटात दोन ओळी शोधा. एक, आरशाच्या हीटिंगच्या स्विचची स्थिती. दुसरी, हीटिंगच्या आउटपुटला दिलेला आदेश. स्विच "चालू" दिसत असेल तर बटण किंवा त्याची वायर अडकली आहे आणि बीसीएम निर्दोष. दोन्ही "बंद" दिसले आणि तरी आरसा गरम असेल तर पुढे.

मग बीसीएमच्या कनेक्टरमधून ती एकच आउटपुटची पिन काढून घ्या. नसेल जमत तर दोन्ही दरवाज्यांचे कनेक्टर सोडवा. याने बाहेरून दुसऱ्या कुठल्या वायरमधून करंट घुसण्याची शक्यता संपते. दरवाज्यात आरसा वरखाली करायची मोटर असते, काचेची मोटर असते, त्यांच्या वायर घासून एकमेकींना लागल्या तर बीसीएम बंद असूनही हीटरला पुरवठा मिळू शकतो.

शेवटी बीसीएमच्या मोकळ्या पिनवर टेस्ट लॅम्प लावा. फक्त मीटर लावून निष्कर्ष काढू नका. हल्लीची आउटपुट्स बंद असतानाही वायर तुटली आहे का हे बघायला अगदी बारीक करंट सोडत असतात. मोकळ्या पिनवर मीटर त्यामुळे बरेच व्होल्ट दाखवतं आणि माणूस फसतो. टेस्ट लॅम्पचा लोड पडला की ते खोटं व्होल्टेज कोसळतं. लॅम्प पूर्ण तेजाने पेटला तर आउटपुट आतून चिकटलंय.

---

मालवाहू

स्विच: बंद. आदेश: बंद. दोन्ही दरवाज्यांचे कनेक्टर सोडवले, करंट ६० मिलीअँपिअरवर आला. पिन काढून टेस्ट लॅम्प लावला: पूर्ण तेजाने पेटला. बटण चालू-बंद केलं, स्कॅनरवर आदेश बदलतो, लॅम्प तसाच पेटलेला.

आता मला पटलं. बीसीएम खराब आहे.

---

दुरुस्तीवेडी

आत्तापर्यंत नुसती वाचत होते. मी बेंचवर मॉड्यूल उघडून दुरुस्त करते, त्या अनुभवातून लिहिते.

या आउटपुटच्या आत रिले नसतो, एक स्मार्ट स्विच असतो. मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) आणि त्याच्यासोबत रक्षणाचं सर्किट, एकाच चिपमध्ये. बाहेर शॉर्ट झाला की ती चिप करंट मर्यादित करते, तापली की बंद होते, थंड झाली की परत प्रयत्न करते. शॉर्ट एखाद्या वेळचा असेल तर काहीच बिघडत नाही. पण वायर दरवाज्याच्या प्रत्येक उघडझापीला पत्र्याला घासत असेल तर ती चिप सतत तापते-निवते आणि एके दिवशी आतून कायमची जोडली जाते. मॉस्फेट मरतात तेव्हा बऱ्याचदा "चालू" अवस्थेतच मरतात. त्यानंतर रक्षणाला उरतो फक्त फ्यूज, आणि तुमच्याकडे तो दुप्पट होता.

म्हणून नवा बीसीएम लावायच्या आधी दोन्ही दरवाज्यांच्या बिजागरीजवळचे रबरी पाइप सरकवून आतल्या वायर बघा. दरवाजा हळूहळू उघडत-मिटत, वायर हलवत बघा. मला तिथेच काहीतरी सापडेल असं वाटतं.

तुमच्यापुढे तीन पर्याय. नवा, वापरलेला, किंवा हाच दुरुस्त करून. एकच आउटपुट गेलं असेल, बोर्ड जळालेला नसेल, पाणी गेलेलं नसेल, तर चिप बदलून हाच मॉड्यूल परत वापरता येतो आणि त्यातली सगळी माहिती जशीच्या तशी राहते. हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग, पण हॉट एअर आणि बोर्डाचा सराव असलेल्या हातानेच. वापरलेल्यात दुसऱ्या गाडीचा व्हीआयएन असतो आणि काही कंपन्यांचे मॉड्यूल एकदा लिहिले की परत लिहू देत नाहीत. ते आधी विचारूनच घ्या.

---

मालवाहू

दुरुस्तीवेडी ताई, अगदी तिथेच होतं. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या रबरात हीटिंगच्या वायरचं आवरण गेलेलं, तांबं उघडं, चौकटीच्या धारेवर चकाकणारी खूण. वायर नवी टाकली, जोड रबराच्या बाहेर घेतला म्हणजे वाकण्याच्या जागी येणार नाही. रबरी पाइपही बदलला.

बीसीएम नवाच घ्यायचं ठरवलंय. जुना उघडून बघितला तर त्या चिपशेजारी बोर्ड काळा पडलाय. बसवताना काय काय सांभाळू?

---

तारतम्य

बोर्ड काळा पडला असेल तर नवा घेण्याचा निर्णय योग्य आहे.

जुना अजून बोलतोय, ही तुमची मोठी जमेची बाजू. तो गाडीत परत जोडून त्याचं सगळं कॉन्फिगरेशन वाचून फाइल साठवा. व्हीआयएन, सॉफ्टवेअरचा क्रमांक, गाडीचे पर्याय, किलोमीटर त्यात असतील तर तेही. स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. एकदा मॉड्यूल पूर्ण मेला की हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवरून मागवावं लागतं. किलोमीटरचा आकडा खरा तोच नव्यात गेला पाहिजे, त्यात तडजोड नको.

नव्याचा भाग क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. बाहेरून अगदी सारखे दिसणारे दोन बीसीएम असतात, एकात फॉगलाइटच्या आउटपुटची चिपच बसवलेली नसते.

काढताना इग्निशन बंद करून गाडी झोपू द्या, मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल कधीच काढू नका. अल्टरनेटरचा करंट अचानक अडला की २४ व्होल्टच्या गाडीत शंभराच्या वर व्होल्टचा झटका येऊ शकतो. कनेक्टर ओढून काढू नका, त्यांना लिव्हर असतो. हाताने पिनांना स्पर्श नको, अंगातली स्थिर वीज पुरेशी असते. बसवताना कनेक्टरची तोंडं कंपनीने ठेवली होती त्याच दिशेला, आणि वायर कनेक्टरच्या खाली झोळ देऊन वर आणा, म्हणजे पाणी आलंच तर झोळातून खाली पडेल.

प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला स्थिर पुरवठ्याचं यंत्र जोडा. साधा चार्जर नको, त्याच्या व्होल्टेजमध्ये लहरी असतात. पंखा, दिवे बंद. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला.

---

रात्रपाळी

आणि प्रोग्रॅमिंग अर्ध्यात तुटलं तर घाबरून बॅटरी काढू नका. बहुतेक मॉड्यूलमध्ये सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम वेगळा सुरक्षित असतो. पुरवठा तसाच ठेवून तीच फाइल परत पाठवा, बऱ्याचदा घेतो.

---

मालवाहू

बसवला. सांगितलेल्या क्रमानेच केलं.

जोडल्यावर लगेच फॉगलाइट आणि वायपरचं थांबून-थांबून फिरणं बंद होतं, कारण नवा मॉड्यूल साध्या मॉडेलच्या कॉन्फिगरेशनवर येतो. साठवलेली फाइल त्यात लिहिल्यावर दोन्ही चालू झालं. चाव्या परत शिकवाव्या लागल्या, त्यासाठी सगळ्या चाव्या एकाच वेळी लागतात, ज्यांना करायचंय त्यांनी हे ध्यानात ठेवा. काचांची वरखाली मर्यादा पुन्हा शिकवली. मग स्कॅनरवरून प्रत्येक आउटपुट एकेक करून चालू-बंद केलं आणि बाहेर कोणीतरी उभं राहून बघितलं. इंडिकेटरला २१ वॉटचा बल्ब लावला, वेग बरोबर आला. फ्यूज १० चाच.

झोपल्यावरचा करंट ५५ मिलीअँपिअर, त्यात टॅकोग्राफ (वेग आणि गाडी चालवल्याच्या वेळेची नोंद ठेवणारं यंत्र) आणि ट्रॅकर धरून. सकाळी दोन्ही आरशांवर दव होतं!

---

लाल_पाना

छान. वाचनखूण साठवली. पुढे कधी बॉडीवर वेल्डिंग करायचं झालं तर बॅटरीबरोबर बीसीएमचे कनेक्टरही सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा, चासीच्या दुसऱ्या टोकाला नको.

---

मालवाहू

नोंद घेतली. जुना बीसीएम टाकून देऊ का?

---

दुरुस्तीवेडी

टाकू नका. त्यात तुमच्या गाडीचा व्हीआयएन आणि कदाचित चाव्यांची माहिती आहे, भंगारात कुणाच्याही हाती जायला नको. शिवाय नव्याचं काही महिन्यांत काही निघालं तर तुलना करायला तोच लागेल. स्थिर वीजरोधक पिशवीत घाला, वर "आरसा हीटिंग आउटपुट शॉर्ट" असं लिहा, आणि कॉन्फिगरेशनची फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.